सामाईक विहिरीचा हिशेब

पायथॉन या संगणकभाषेला २.५ ही संख्या जवळच्या पूर्णांकात आणायला सांगा, तो २ देतो. ३.५ द्या, तो ४ देतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही चूक वाटते, पण चूक नाही. संख्या दोन पूर्णांकांच्या बरोबर मधोमध असली तर त्यांतल्या सम पूर्णांकाकडे जायचं, असा पायथॉन ३ चा नियम आहे. लाखो आकड्यांची बेरीज करताना अर्धे नेहमीच वर ढकलले तर बेरीज हळूहळू फुगत जाते. सम संख्येकडे गेल्याने ती फूग टळते. पायथॉन २ मध्ये हा नियम नव्हता, तिथे २.५ चे ३ व्हायचे. शाळेत आपण शिकलो तेही तसंच: अर्धा आला की वर.

आता समजा, एका कंपनीत रुपये-पैशांचं गणित करणारी एकच फाईल आहे. तिचं नाव ‘रक्कम’. (पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, तेव्हा अशी फाईल खरोखर लिहिता येते. आपल्याकडच्या फार थोड्या लोकांनी ते करून पाहिलंय, याचं मला वाईट वाटतं.) ही फाईल बिलं काढणारा प्रोग्रॅम वापरतो, पगारपत्रक काढणारा वापरतो आणि महिनाअखेरचा अहवाल करणाराही वापरतो. एके दिवशी बिलांच्या गटातल्या एकीच्या लक्षात येतं की काही बिलांत ग्राहकाच्या हिशेबापेक्षा एक रुपया कमी लागतोय. ती ‘रक्कम’ उघडते, एक ओळ बदलते आणि अर्धा आला की वर जायची सोय करते. बिलं दुरुस्त होतात.

पगारपत्रकाचं काय झालं? अहवालाचं काय झालं? अहवाल लिहिणाऱ्याने सम पूर्णांकाचा नियम मुद्दाम निवडला असेल, कारण त्याला मोठ्या बेरजेत फूग नको होती. त्याने काहीच बदललेलं नाही, तरी त्याचं उत्तर उद्यापासून वेगळं येणार आहे. एक ओळ बदलली, तेव्हा तिच्यामुळे कोणाकोणाचं उत्तर बदललं हे त्या क्षणी कोणाला ठाऊक होतं? हे प्रकरण या एका प्रश्नाबद्दल आहे. बाहेरून हा प्रश्न किरकोळ दिसतो. पण जगातल्या काही अत्यंत हुशार माणसांनी आपल्या उमेदीची वर्षं त्याच्यावर घातली आहेत.

शेतातली सामाईक विहीर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली मेख लगेच कळेल. विहीर एक, भाऊबंद चार. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाचा किती हिस्सा हे लिहिलेलं असतं, कारण तोंडी ठरलेलं एक पिढी टिकतं आणि दुसऱ्या पिढीत भांडण होतं. सामाईक कोडचंही तसंच आहे. कोण पाणी भरतं याची नोंद हवी, ती खरी हवी आणि विहिरीला हात लावण्यापूर्वी ती पाहता आली पाहिजे.

कोड वाटून घेण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फाईलची नक्कल करणं. त्याबद्दल फार बोलायला नको. तीन ठिकाणी तीन नकला राहतात, एकीतली चूक सुधारते, उरलेल्या दोन्हींतली तशीच राहते, आणि दोन वर्षांनी मूळ कोणतं हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरा मार्ग रीतसर आहे. ‘रक्कम’चं पॅकेज करायचं, त्याला १.४.० असा आवृत्ती क्रमांक द्यायचा आणि ते कोठारात ठेवायचं. ज्याला हवं तो तिथून उचलेल. पायथॉनच्या जगातलं सार्वजनिक कोठार, पायपीआय, २००३ साली सुरू झालं. त्यातून पॅकेज आणून बसवणारं पिप हे साधन इयन बिकिंग यांनी २००८ साली लिहिलं. कंपन्या आपल्या आतल्या कोडसाठी असंच खासगी कोठार ठेवतात. विहिरीच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येकाने आपापली घागर भरून घरी नेली. आता विहिरीत कोणी काही केलं तरी माझ्या घागरीतलं पाणी तेच राहतं. हे फार मोठं सुख आहे, आणि निम्मं जग याच पद्धतीने चालतं.

पण घागरी वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या असतात. बिलांकडे ‘रक्कम’ २.०.० आहे, पगाराकडे १.४.० आहे. मग कोणीतरी बिलं आणि पगार दोन्ही एकत्र वापरणारा ताळेबंदाचा प्रोग्रॅम लिहायला बसतो. त्याने कोणती ‘रक्कम’ घ्यायची? कागदावर काढलं तर ताळेबंद वर, बिलं आणि पगार दोन बाजूंना, ‘रक्कम’ खाली, असा हिऱ्याचा आकार होतो, म्हणून या अडचणीला डायमंड डिपेंडन्सी म्हणतात. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये प्रत्येक पॅकेजच्या पोटात त्याची स्वतःची वेगळी आवृत्ती ठेवता येते, त्यामुळे तिथे दोन ‘रक्कम’ एका घरात नांदू शकतात. पायथॉनमध्ये नाही. चालू प्रोग्रॅममध्ये पायथॉन एक यादी ठेवतो, आणि त्या यादीत एका नावाचं एकच मॉड्यूल (कोडची फाईल) असतं. पहिल्यांदा ‘रक्कम’ इम्पोर्ट झाली, म्हणजे प्रोग्रॅमने मागवली, की ती यादीत बसते. नंतर कोणीही मागितली तरी तीच मिळते. म्हणजे हिऱ्याच्या तळाशी एकच आवृत्ती हवी, आणि ती दोघांनाही चालायला हवी.

अशी सर्वांना चालणारी जुळणी शोधणं गणिताच्या दृष्टीने भयंकर अवघड आहे. दहा पॅकेजेस, प्रत्येकाच्या दहा आवृत्त्या, एवढ्यावरच शक्य जुळण्या एक हजार कोटी होतात. हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे सगळ्या उदाहरणांवर झटपट चालेल अशी रीत कोणालाच सापडलेली नाही. पिपने तर बरीच वर्षं हा प्रश्न सोडवलाच नव्हता. वाटेत जी अट आधी भेटेल ती धरायची आणि पुढे जायचं, दुसऱ्या कोणाचं बिनसलं तरी चालेल, असा त्याचा व्यवहार होता. खरी शोधाशोध करणारी यंत्रणा पिपमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये, २०.३ या आवृत्तीपासून नेहमीची झाली. डार्ट या भाषेसाठी नॅटली वायझेनबाउम यांनी तयार केलेली पबग्रब ही रीत पुढे पोएट्री आणि नंतर यूव्ही या साधनांनी पायथॉनच्या जगात आणली. तिचा गुण असा की जुळणी नसेल तर ती का नाही याचं कारण ती माणसाला समजेल अशा वाक्यांत सांगते.

तरीही मूळ दुखणं शिल्लक राहतं, आणि ते गणिताचं नसून वागणुकीचं आहे. घागरीच्या पद्धतीत बदल करणारा मोकळा सुटतो. तो २.०.० प्रसिद्ध करतो आणि घरी जातो. बदल स्वीकारण्याचं काम वापरणाऱ्यांवर पडतं, तेही केव्हातरी, बहुतेक वेळा सुरक्षेचं काही निघालं म्हणून घाईत. ज्याला त्या बदलाची सर्वात जास्त समज आहे तो आता दुसरंच काही करत असतो, आणि ज्याला काहीच माहिती नाही तो रात्री अकराला दीड वर्षांच्या बदलांची यादी वाचत असतो. पुण्यात हिंजवडीत किंवा खराडीत काम करणारी मुलंमुली ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी ही रात्र बाहेरून पाहिलेली असेल.

*

तिसरा मार्ग म्हणजे घागरीच बंद करायच्या. कंपनीतला सगळा कोड एकाच रिपॉझिटरीत (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास जिथे राहतो त्या जागी) ठेवायचा आणि सर्वांनी ‘रक्कम’ची आत्ताची, समोर असलेली प्रत वापरायची. आतल्या कोडला आवृत्ती क्रमांकच नाही. याला मोनोरेपो म्हणतात.

हे वेडं धाडस वाटेल, पण गूगलने ते केलं. रेचल पॉटविन आणि जॉश लेव्हनबर्ग यांनी २०१६ साली एसीएम या संगणक व्यावसायिकांच्या संघटनेच्या मासिकात त्याची आकडेवारी दिली. जानेवारी २०१५ मध्ये त्या एका रिपॉझिटरीत सुमारे एक अब्ज फायली होत्या, त्यांतल्या ९० लाख वेगवेगळ्या सोर्स फायली. दोन अब्ज ओळी, साडेतीन कोटी कमिट (बदलांच्या नोंदी), ८६ टेराबाईट मजकूर. पंचवीस हजारांहून अधिक प्रोग्रॅमर तिथे काम करत होते. कामाच्या एका साध्या दिवशी माणसं सुमारे १६ हजार बदल करत आणि स्वयंचलित साधनं आणखी २४ हजार. आणि हे सर्व जण एकाच विहिरीवर.

मोनोरेपोने भार उचलणारा माणूस बदलतो. जी ‘रक्कम’ बदलते, तिनेच बिलं, पगार आणि अहवाल तिघांच्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवून पाहायच्या, आणि काही मोडलं तर त्याच कमिटमध्ये दुरुस्त करायचं. पगाराच्या गटाला सकाळी उठल्यावर काहीही मोडलेलं सापडता कामा नये. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते, आणि ती वेगवानही आहे, कारण ज्याच्या डोक्यात बदल ताजा आहे तोच ते काम करतो. पण त्यासाठी एक अट आहे. आपल्या बदलाचा स्पर्श कोणाकोणाला होतो हे तिला एका क्षणात कळलं पाहिजे. कळलं नाही तर तिला दोनच वाटा उरतात: अख्ख्या कंपनीच्या टेस्ट चालवत तासन् तास बसायचं, किंवा डोळे मिटून पुढे जायचं. मोनोरेपोतल्या बिल्ड सिस्टीमचं पहिलं काम म्हणूनच प्रोग्रॅम बांधणं हे नाही. कोण कोणावर अवलंबून आहे याचा हिशेब ठेवणं हे आहे.

हा हिशेब जुना आहे. १९७६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन संतापून आले. प्रोग्रॅमातली एक चूक ते सकाळभर शोधत होते. चूक आधीच दुरुस्त झालेली होती. फक्त बदललेली फाईल पुन्हा कंपाईल करायची राहिली होती, आणि ते जुनाच प्रोग्रॅम चालवत होते. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांचीही अशीच गत झाली होती. त्या आठवडाअखेरीस फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहायला घेतलं. कोणती फाईल कोणत्या फायलींवरून तयार होते हे एकदा लिहून ठेवा. मूळ फाईल नंतरच्या वेळेची असेल तर मेक तेवढंच पुन्हा बनवेल. आजच्या सगळ्या बिल्ड सिस्टीम या कल्पनेच्या लेकी-नाती आहेत. गूगलची ब्लेझ, तिचं २०१५ साली खुलं केलेलं रूप म्हणजे बेझल (‘ब्लेझ’च्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट), फेसबुकची बक, आणि २०१० च्या सुमारास ट्विटरमध्ये जन्मलेली, पुढे २०२० साली नव्याने लिहिलेली पॅन्ट्स.

मेक फाईलची वेळ पाहतं. नव्या साधनांनी वेळेवरचा भरवसा सोडला. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात एका शाखेवरून दुसरीवर जाऊन परत आलात तरी फाईलची वेळ नवी होते, मजकूर मात्र अक्षरशः तोच असतो. म्हणून ही साधनं मजकुराचाच ठसा घेतात. एसएचए-२५६ सारख्या गणिताने कितीही मोठ्या फाईलची ६४ अंकाक्षरांची खूण तयार होते, आणि फाईलमधला स्वल्पविराम हलला तरी ती खूण पूर्ण पालटते. एखाद्या टेस्टचा ठसा म्हणजे ती टेस्ट, ती ज्या फायली वापरते त्या, त्या फायली ज्या फायली वापरतात त्या, बाहेरच्या पॅकेजच्या आवृत्त्या, पायथॉनची आवृत्ती आणि चालवण्याची आज्ञा, या सगळ्यांचा मिळून एक ठसा. हा ठसा पूर्वी दिसला असेल तर टेस्ट पुन्हा चालवायची गरजच नाही. जुना निकाल उचलायचा. तो निकाल शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या संगणकावर लागलेला असला तरी चालतो, कारण जुने निकाल साठवणारी कॅश सर्वांची एकच असते.

पण ठसा खरा ठरायला अवलंबनाची यादी पूर्ण हवी. यादीत एक फाईल राहिली तर ती बदलल्यावरही ठसा तोच येईल, साधन जुनाच निकाल दाखवेल, आणि स्टीव्ह जॉन्सन यांची ती सकाळ पुन्हा उगवेल.

*

पायथॉनची अडचण नेमकी या यादीत आहे. सी किंवा जावामध्ये कंपायलर दारात उभा असतो. हवी ती फाईल सापडली नाही तर तिथेच थांबवतो. पायथॉनमध्ये इम्पोर्ट ही चालत्या प्रोग्रॅमातली एक क्रिया आहे. ती फंक्शनच्या आत असू शकते, अटीच्या आत असू शकते, मॉड्यूलचं नाव प्रोग्रॅमने आयत्या वेळी जोडून तयार केलेलं असू शकतं. महिन्याच्या शेवटच्या तारखेलाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये एखादा मोडका इम्पोर्ट असेल, तर तो त्याच तारखेला कळतो.

दुसरी अडचण शोधमार्गाची. इम्पोर्ट करताना पायथॉन ठरावीक फोल्डरांची यादी क्रमाने धुंडाळतो. मोनोरेपोचं मूळ फोल्डर त्या यादीत असलं की कोणीही काहीही इम्पोर्ट करू शकतो; कोणी विचारत नाही, कोठे नोंद होत नाही. माझ्या संगणकावर दुसऱ्या कोणासाठी बसवलेलं पॅकेज माझ्याही प्रोग्रॅमला सापडतं, आणि मी ते मागितलेलंच नाही हे माझ्या कधी लक्षात येत नाही. सातबाऱ्यावर नाव नसताना वर्षानुवर्षं पाणी भरणारा हा हिस्सेदार. सर्व्हरवर फक्त मागितलेलीच पॅकेजेस जातात, आणि तिथे त्याचा पाट कोरडा पडतो.

तिसरी अडचण नावांची. ‘यामल’ इम्पोर्ट करायचं तर पॅकेज ‘पायवायएएमएल’ बसवावं लागतं. ‘पीआयएल’ मिळतं ‘पिलो’मधून, ‘एसके-लर्न’ ‘सायकिट-लर्न’मधून, ‘सीव्ही२’ ‘ओपनसीव्ही-पायथॉन’मधून. कोडमध्ये दिसणारं नाव आणि कोठारातलं नाव यांचा मेळ घालणारा कोणताही नियम नाही. कोष्टकच ठेवावं लागतं.

सुरुवातीच्या बिल्ड सिस्टीमनी सगळा भार माणसावर टाकला. प्रत्येक फोल्डरात एक बिल्ड-फाईल, आणि तिच्यात हाताने लिहिलेली अवलंबनाची यादी. कोडमध्ये इम्पोर्ट लिहायचा आणि तीच गोष्ट पुन्हा यादीत लिहायची. माणसं कंटाळतात, जुन्या नोंदी काढत नाहीत, आणि यादी फुगत जाते. पॅन्ट्सच्या नव्या रूपाने इथे खरी सुधारणा केली, असं माझं मत आहे. इम्पोर्टची ओळ हीच नोंद समजायची. साधन प्रत्येक पायथॉन फाईल न चालवता नुसती वाचतं, तिच्यातले इम्पोर्ट वेचतं, कोणतं मॉड्यूल रेपोतल्या कोणत्या फाईलमध्ये आहे याचा नकाशा आधीच करून ठेवलेला असतो त्यात पाहतं, बाहेरच्या पॅकेजसाठी नावांचं कोष्टक पाहतं, आणि फाईल ते फाईल असे दुवे जोडत जातं. मग टेस्ट चालवताना तात्पुरतं रिकामं फोल्डर घेऊन त्यात फक्त तेवढ्याच फायली ठेवतं. दुवा सुटला असेल तर टेस्ट तिथेच, ताबडतोब पडते. चोरून पाणी भरायची सोय उरत नाही.

जिथे अवलंबन इम्पोर्टच्या रूपात नसतं तिथे ही युक्ती थांबते. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या सेटिंगमध्ये ॲपची नावं साध्या मजकुराच्या रूपात असतात. एखादा प्रोग्रॅम शेजारची सीएसव्ही फाईल उघडतो. या नोंदी हातानेच कराव्या लागतात. पण शेकड्यांऐवजी मोजक्या नोंदी लिहायच्या असतील तर माणूस त्या मनापासून लिहितो.

एवढा नकाशा हातात आला की उलट प्रश्न विचारता येतो: ‘रक्कम’वर कोण अवलंबून आहे? थेट तर पगार, अहवाल आणि बिलांवरचा कर काढणारी फाईल. कराच्या फाईलवर बिलं, आणि बिलांवर ताळेबंद. साधन हे सगळे दुवे शेवटपर्यंत चालत जातं आणि मुख्य शाखेपासून जे बदललं त्याच्या कक्षेतल्या तेवढ्याच टेस्ट चालवतं. समजा रेपोत तीन हजार टेस्ट फायली आहेत आणि या बदलाच्या कक्षेत चाळीस येतात, तर चाळीसच.

‘समजा चाळीस’ म्हटलं, कारण इथे गटांची स्वतःची शिस्त लागते, आणि बहुतेक जण इथेच अडखळतात. जवळपास प्रत्येक रेपोत ‘यूटिल्स’ नावाची एक फाईल असते. कोठे ठेवावं हे न सुचलेलं सगळं तिच्यात जातं: तारखा, रकमा, ईमेल, मजकुराची साफसफाई. सगळे तिच्यावर अवलंबून, आणि तीही पन्नास गोष्टींवर. तिच्यातली एक ओळ हलली की तीन हजार टेस्ट चालतात. नकाशा बरोबर सांगत असतो. रचनाच तशी केलेली असते. तिच्या सहा लहान फायली केल्या की तोच नकाशा एकदम उपयोगी पडू लागतो. याहून छुपा दोष पॅकेजच्या ‘इनिट’ फाईलमध्ये, म्हणजे पॅकेज मागितलं की आधी चालणाऱ्या फाईलमध्ये, असतो. वापरणाऱ्याला सोयीचं जावं म्हणून तिच्यात सगळी उपमॉड्यूल्स आणून मांडतात. दिसायला हा आतिथ्याचा प्रकार आहे, पण आता त्या पॅकेजमधलं लहानसं काही मागणाराही अख्ख्या पॅकेजवर अवलंबून होतो. मी कोणाचीही पायथॉनची मोठी रेपो पाहायला बसलो की आधी इनिट फायली उघडतो.

आणि चक्रं. ‘बिलं’ ‘ग्राहक’ मागतं, ‘ग्राहक’ ‘बिलं’ मागतं. पायथॉन हे कधी चालवून घेतो, कधी अर्धवट भरलेलं मॉड्यूल हातात देतो. बेझल अशा चक्राला सरळ नकार देते. पॅन्ट्स पायथॉनच्या फायलींमधलं चक्र सहन करते. सहन केलेल्या चक्रातल्या सगळ्या फायली मिळून एकच मोठी फाईल झाल्यासारख्या वागतात, एवढं ध्यानात ठेवायचं.

बाहेरच्या पॅकेजेसबद्दल मोनोरेपोतला जुना नियम असा की एका पॅकेजची अख्ख्या रेपोत एकच आवृत्ती. हिरा तयारच होत नाही. नियम उत्तम आहे, पण प्रत्येक वेळी परवडत नाही. आकडेमोडीच्या नमपाय या पॅकेजची २.० आवृत्ती जून २०२४ मध्ये आली, २००६ नंतरचा पहिला मोठा बदल, आणि जुन्या नमपायवर बांधलेली अनेक पॅकेजेस तिच्याबरोबर चालेनात. विश्लेषणाच्या गटाला नवी हवी, दुसऱ्या गटाचं जुनं पॅकेज अजून तयार नाही. अशा वेळी दोन स्वतंत्र लॉकफाईल ठेवतात. लॉकफाईल म्हणजे प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि तिचा ठसा यांची गोठवलेली यादी. ‘रक्कम’ दोन्हीकडे वापरली जाते, म्हणून तिच्या टेस्ट दोन्ही याद्यांवर चालवायच्या. दोन याद्या निभावतात. सहा झाल्या की आपण मोनोरेपोच्या नावाखाली पुन्हा घागरीच भरतोय.

लहान गटांना एवढी यंत्रणा लागतेच असं नाही. यूव्ही या २०२४ साली आलेल्या साधनात वर्कस्पेस आहे: एका रेपोत अनेक पॅकेजेस, एकमेकांना थेट समोरच्या फायलींतून वापरणारी, आणि सर्वांची मिळून एक लॉकफाईल. दहा माणसांच्या गटाला मी आधी हेच सुचवेन. त्याची मर्यादा एवढीच की एका पॅकेजने मागितलेलं दुसऱ्याला न मागता सापडू शकतं. सातबारा आहे, पण पहारा नाही.

मोनोरेपोचा आणखी एक लाभ डिसेंबर २०२२ मध्ये ठळक झाला. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या पॅकेजच्या रोज तयार होणाऱ्या आवृत्तीला ‘टॉर्चट्रायटन’ नावाचं पॅकेज लागायचं, आणि ते पायटॉर्चच्या स्वतःच्या कोठारात होतं. कोणीतरी त्याच नावाचं पॅकेज सार्वजनिक पायपीआयवर ठेवलं. २५ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान लिनक्सवर ज्यांनी ती आवृत्ती पिपने बसवली त्यांच्याकडे पायपीआयवरचं खोटं पॅकेज गेलं, आणि ते संगणकावरच्या फायली आणि एसएसएच किल्ल्या बाहेर पाठवू लागलं. आतलं नाव बाहेरच्या बाजारात पुकारलं की कोण ओ देईल याची खात्री नसते. मोनोरेपोत आतला कोड फाईलच्या जागेवरून ओळखला जातो. त्याचं नाव बाजारात जातच नाही.

आता ‘रक्कम’कडे परत येऊ. बिलांच्या गटातल्या तिने नियम बदलला, चाळीस टेस्ट चालवल्या आणि अहवालाच्या तीन पडल्या. आता तिला कळलं की अहवालाला सम पूर्णांकाचाच नियम हवा आहे. गूगलमध्ये काम केलेले हायरम राइट यांच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या कोडच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागणुकीवर कोणीतरी अवलंबून असतंच, तुम्ही तसं वचन दिलेलं असो वा नसो. इथे दोघांचंही बरोबर आहे. एकाच फाईलला दोन खरे नियम हवेत.

नकाशा फंक्शन ओळखत नाही, फायली ओळखतो. म्हणून तिने दोन नव्या फायली केल्या, ‘रक्कम_सम’ आणि ‘रक्कम_वर’, आणि ‘रक्कम’ पूर्वी होती तशी करून ठेवली. पहिल्या दिवशी तिने कराची फाईल ‘रक्कम_वर’कडे नेली, बिलं आपोआप दुरुस्त झाली. दुसऱ्या दिवशी अहवाल ‘रक्कम_सम’कडे. पगाराच्या गटाला तिने जाऊन विचारलं. त्यांनी आपल्या मनुष्यबळ विभागाला विचारलं, आणि उत्तर यायला आठवडा लागला. तोवर पगारपत्रक जुन्याच फाईलवर, जसंच्या तसं चालत राहिलं. उत्तर आलं तेव्हा तिने शेवटचा इम्पोर्ट बदलला आणि साधनाला पुन्हा विचारलं: ‘रक्कम’वर कोण अवलंबून आहे? पडद्यावर काहीच उमटलं नाही. तिने ती फाईल पुसली आणि कमिट केलं.